चार चाकं आहेत म्हणून क्वाड उलटत नाही, हे खोटं आहे

सोलापुरातल्या गाडीवेड्या पोरांमध्ये सध्या क्वाडबद्दल, म्हणजे माळावर चालवायच्या, जाड टायरच्या आणि हँडलच्या चारचाकी गाडीबद्दल (एटीव्ही), एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातला एक माझा भाचा. मजकूर थोडक्यात असा: "माळावर गाडी चालवायला नवीन शिकताय? सेकंडहँड क्वाडच घ्या. चार चाकं आहेत, पडायची भीती नाही. बाईक येते त्याला क्वाड येतेच. छोटी घेऊ नका, महिन्यात कंटाळाल. एका सेल्फमध्ये चालू झाली की टोकन देऊन टाका, बाकी सगळं किरकोळ. रिसॉर्टवरची मिळाली तर सोनं, ती फार पळालेली नसते. माळावर आणि शेतरस्त्यावर पासिंग, इन्शुरन्स काही लागत नाही." खाली भाच्यानं विचारलं होतं, "मामा, रविवारी बघायला येताय का?"

चार वर्षांपूर्वी मीही हेच सगळं खरं मानून गाडी घेतली होती. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

"चार चाकं आहेत, पडायची भीती नाही." यातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. या गाड्यांची सुरुवात तीन चाकांवर झाली. होंडानं 1970 मध्ये जाड फुगीर टायरची तीनचाकी अमेरिकेत आणली. तीनचाक्या इतक्या उलटायला लागल्या, इतकी माणसं आणि मुलं गेली, की 1988 मध्ये कंपन्यांना तिथल्या सरकारशी करार करून त्यांची विक्री थांबवावी लागली. सुझुकीची चारचाकी 1982 मध्ये आली होती, पुढे बाजारात चारचाकीच राहिली. चौथं चाक आलं म्हणजे प्रश्न मिटला, हा समज तेव्हापासूनचा. प्रश्न मिटला नाही. क्वाड रुंदीला कमी आणि उंचीला जास्त असते, आणि तिच्यावर सगळ्यात वर बसलेलं वजन म्हणजे आपण. कित्येक क्वाडना मागची दोन्ही चाकं एकाच सरळ धुरीवर असतात, डिफरन्शियल नसतं. वळताना आतलं आणि बाहेरचं चाक सारखंच फिरतं, त्यामुळे अंग आत झुकवून बाहेरच्या पायानं दाब दिला नाही, तर गाडी एक तर सरळ जाते नाही तर बाहेरच्या अंगाला कलंडते. चढाला पुढे सरकायचं, उताराला मागे, आडव्या उतारावर वरच्या बाजूला. नुसतं बसून राहणाऱ्याची ही गाडी नाही.

आपल्याकडे तर बांध आहेत. गुडघ्याएवढा बांध तिरका ओलांडायला गेलं की पुढचं एकच चाक वर चढतं, आणि सगळा खेळ तिथंच होतो. बाईक पडली तर बहुतेक वेळा आपण एकीकडे, ती दुसरीकडे. क्वाड अंगावर येते. स्प्लेंडर साधारण 112 किलोची. मोठ्या युटिलिटी क्वाड 300 किलोच्या पुढे जातात. अशी गाडी छातीवर आली, तर माळावर ती उचलायला चार माणसं कुठून आणणार? आणि सीट लांब दिसते म्हणून मागे दुसऱ्याला बसवू नका. एकट्याच्या क्वाडवर ती लांबी चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकायला दिलेली असते. मागे माणूस बसला की चढावर पुढची चाकं उचलतात आणि गाडी मागच्या मागे उलटते.

"बाईक येते त्याला क्वाड येतेच." उलट बाईकची एक सवय इथं पाय मोडते. तोल गेला की बाईकवाला पाय जमिनीला टेकवतो, विचार न करता टेकवतो. क्वाडवर पाय खाली गेला की मागचं चाक पोटरीवरून वर चढतं आणि माणसाला खाली ओढतं. पहिले काही दिवस पाय फूटरेस्टवरून न काढण्याचीच सवय लावून घ्यावी लागते. त्यात ॲक्सिलरेटर बहुतेक क्वाडना अंगठ्याचा असतो. खड्ड्यात गचका बसला की आपण हँडल घट्ट धरायला जातो, अंगठा दाबला जातो, आणि नको तिथं गाडी झेपावते.

मोठ्या इंजिनाबद्दल एवढंच सांगतो: नवशिक्याला कंटाळा येत नाही, भीती वाटते, आणि भ्यालेला माणूस अंग हलवत नाही. मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. बाजारात मिळणाऱ्या 110 सीसीच्या बऱ्याच क्वाड पोरांच्या मापाच्या असतात. मोठा माणूस बसला की वळवताना हँडल गुडघ्याला लागतं. दोन्ही फूटरेस्टवर नीट उभं राहता येतं का, पूर्ण वळवलेल्या हँडलवर हात पोचतो का, एवढं आधी बघा. 200 सीसीच्या आसपासची, मोठ्यांच्या मापाची गाडी आपल्या माळाला भरपूर होते.

आता ज्या वाक्यानं मला सहा आठवडे हात गळ्यात बांधून फिरवलं, ते. "एका सेल्फमध्ये चालू झाली की टोकन द्या." माझी गाडी हायवेलगतच्या एका रिसॉर्टची होती. मी पोचलो तेव्हा ती गेटपाशी उभी, आणि सेल्फ मारताक्षणी सुरू झाली. इंजिनाचा आवाज इतका गोड होता की मी वाकून दुसरं काही बघितलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात, तुळजापूर रोडला मित्राच्या माळावर, पायी चालण्याच्या वेगात डावीकडचा खालचा बॉल जॉइंट, म्हणजे पुढचं चाक आर्मला धरून ठेवणारा गोल सांधा, निसटला. चाक आत दुमडलं, मी हँडलवरून पुढे गेलो, कॉलरबोन मोडलं. नंतर फिटरनं दाखवलं, त्या जॉइंटचं रबर बूट, म्हणजे ग्रीस आत ठेवणारं रबरी आवरण, कधीच फाटलेलं होतं. आत ग्रीस नव्हतं, नुसता मुरूम होता.

म्हणून भाच्याबरोबर गेलो तेव्हा पहिला हात इंजिनाला लावला. अक्कलकोट रोडला एका शेडमध्ये गाडी होती. इंजिन गरम लागलं. मालकाला म्हटलं, भाऊ, आम्ही चहा घेऊन येतो, गार होऊ द्या. गरम इंजिन कुणाचंही चटकन सुरू होतं. खरं काय ते गार इंजिनावर कळतं: किती सेल्फ लागतात, पहिल्या मिनिटात निळा धूर येतो का. मग जॅक लावून पुढचं चाक उचललं. एक हात टायरवर वर, एक खाली, आणि हलवलं: टक, टक. म्हणजे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजलेला. मग हात डावी-उजवीकडे धरून हलवलं की टाय रॉडचा, म्हणजे हँडलकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा, प्ले (ढिलेपणा) कळतो. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, असेल तर ॲक्सलची रबरी बूटं बोटांनी दाबून बघा. आपली काळी माती पावसात तिथं गच्च बसते, वाळली की विटेसारखी होते आणि रबर कापते.

नंतर सीट काढून एअर बॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा, उघडला. फिल्टर नवाकोरा, तेल लावलेला. मालक म्हणाला, बघा, मेंटेन गाडी आहे. भाच्याला सांगितलं, फिल्टर काढ आणि त्याच्या पलीकडच्या पाइपमध्ये बोट फिरव. बोट बाहेर आलं ते तांबूस. मुरमाची धूळ, पावडरसारखी, फिल्टरच्या पलीकडे. म्हणजे या गाडीनं किती तरी दिवस फाटक्या फिल्टरनं किंवा फिल्टरविनाच धूळ ओढली होती. अशा इंजिनात पिस्टन-रिंगा झिजतात, पुढे ऑइल पिऊ लागतं. नवा फिल्टर कालपरवा आमच्यासाठी बसवलेला. हे बोट फिरवायला अर्धं मिनिट लागतं, आणि गाडीचा सगळा इतिहास त्यात येतो.

पुढे फक्त यादी बघितली: ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. चेसिसवर, विशेषतः पुढचे आर्म बसतात तिथं, नवीन वेल्डिंग किंवा ताजा रंग असेल तर विचारा का मारलाय. गिअर नसलेल्या गाडीत बेल्टचा जळका वास येतो का बघा.

रिसॉर्टची गाडी "फार पळालेली नसते" हेही किलोमीटरवर बघून म्हणतात. मीटरवर इंजिन चालल्याचे तास असतील तर ते वाचा. एकाच गोल ट्रॅकवर, दर दहा मिनिटांनी नवा माणूस, प्रत्येकाचा अंगठा शेवटपर्यंत दाबलेला. किलोमीटर कमी दिसतात, झीज मात्र पूर्ण होते.

शेवटचं वाक्य पोरांना कायद्यात अडकवणारं आहे. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये सार्वजनिक जागा म्हणजे फक्त डांबरी रस्ता नाही. जिथं लोकांना जाण्याचा हक्क आहे ती जागा, मग गावचा शेतरस्ताही त्यात येतो. तिथं रजिस्ट्रेशन आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स लागतोच, आणि आपल्याकडे फिरणाऱ्या बहुतेक क्वाड फक्त ऑफ-रोडसाठी विकलेल्या असल्यानं त्यांचं पासिंग होत नाही. 2018 मध्ये सरकारनं "क्वाड्रिसायकल" खासगी वापराला मोकळी केली, तो दाखला काही जण देतात. ती बजाज क्यूटसारखी छपराची गाडी, तिचा आणि या क्वाडचा संबंध नाही. आरसी नाही म्हणून निदान मूळ बिल आणि चेसिस नंबर जुळवून घ्या, आयात गाडी असेल तर कस्टमचे कागदही. आणि सोलापूरजवळच्या नान्नजकडचा गवताळ माळ मोकळा दिसतो म्हणून तिकडे गाडी घालू नका. 1979 पासून ते माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. तिथं काळवीट चरतात, गवतात जमिनीवर पक्ष्यांची अंडी असतात.

ती शेडमधली गाडी आम्ही सोडली. महिन्याभरानं भाच्याला एका शेतकऱ्याची 200 सीसीची मिळाली: सायलेन्सर गंजलेला, सीट फाटलेली, पण पुढच्या चाकांना प्ले नाही आणि पाइपमध्ये बोट कोरडं, स्वच्छ. आता दर रविवारी सकाळी सहाला छोटा हत्ती टेम्पो येतो, गाडी त्यात चढवून बांधतो आणि मित्राच्या माळावर नेतो. पंक्चरवाल्यानं पहिल्याच आठवड्यात टायरमध्ये बाईकसारखी तीस पाउंड हवा भरून दिली होती, गाडी चेंडूसारखी उडत होती. आता लो-प्रेशरचा वेगळा गेज घेतलाय. हेल्मेट चढवण्याआधी भाचा चारही टायर बघतो, हवा पाच पाउंडवर आणतो, आणि मग जॅक लावून पुढचं चाक हलवून बघतो.