नुसत्या मॅच खेळून हात बसत नाही

'एज ऑफ एम्पायर्स टू' हा वस्ती वाढवून सैन्याने लढायचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये एक प्रश्न सतत येतो: "एवढा खेळतो, तरी रेटिंग का वाढत नाही?" त्यावर उत्तरं ठरलेली असतात. अजून खेळ, सिव्हिलायझेशन (ज्या संस्कृतीची बाजू घेऊन खेळतो ती) बदल, माउस चांगला घे, क्लिकचा वेग वाढव. मला यातलं एकही पटत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

रँक्ड मॅचमध्ये, म्हणजे निकालावर रेटिंग बदलतं त्या मॅचमध्ये, आपल्याला जिंकायचं असतं. आणि जिंकायचं म्हटलं की माणूस जे आधीच जमतं त्याच्याच आधाराने खेळतो. घोडेस्वारांचा लवकर हल्ला जमतो, तर प्रत्येक मॅचला तोच. भिंती नीट बांधता येत नाहीत, तर भिंतींची वेळच येऊ द्यायची नाही. असं वर्षभर खेळलं तरी जमणारी गोष्ट थोडी सफाईदार होते आणि न जमणारी होती तिथेच राहते.

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून हाच फरक मांडला होता. वाद्य वाजवत बसणं वेगळं, आणि आपली उणीव हेरून, चूक लगेच कळेल अशा रीतीने तेवढ्याच भागावर मेहनत घेणं वेगळं. असा सराव थकवतो आणि करमणूक म्हणून तो कुणी करत नाही, हेही त्यांनी स्पष्ट म्हटलंय. आपण गेम मजेसाठी खेळतो, त्यामुळे नेमकं हेच आपल्याला जड जातं.

माझं ठाम मत आहे की सुरुवात टाउन सेंटरपासून, म्हणजे वस्तीच्या मुख्य इमारतीपासून करावी. तिथून निघणाऱ्या एका व्हिलेजरला (कामकऱ्याला) ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. नेहमीच्या मॅचमध्ये सुरुवातीला ३ व्हिलेजर, १ स्काउट (नकाशा धुंडाळणारा स्वार) आणि २०० अन्न मिळतं, म्हणजे आणखी चौघांची सोय झालेली असते. पण लोकसंख्येची मर्यादा असते फक्त ५. पहिल्या काही सेकंदांत ती वाढवणारं घर उभारायला घेतलं नाही, तर दुसरा नवा व्हिलेजर तिथेच अडकतो. पुढेही हेच होत राहतं. पहिल्या दहा मिनिटांत टाउन सेंटर मिळून दोन मिनिटं रिकामं राहिलं, तर चार-पाच व्हिलेजर कमी निघतात, आणि त्यांनी तिथून पुढे मॅचभर आणलं असतं ते लाकूड, अन्न, सोनं सगळं हातचं जातं. (फ्यूडल एजकडे, म्हणजे गेममधल्या दुसऱ्या युगाकडे, जातानाची १३० सेकंदं यात धरू नका, तेव्हा व्हिलेजर निघतच नाहीत.) समोरचा "फारच भारी खेळला" असं वाटतं, तेव्हा पुष्कळदा त्याच्याकडे फक्त आठ-दहा व्हिलेजर जास्त असतात.

म्हणून हा सराव करून पाहा. सर्वात सोपा कॉम्प्युटर प्रतिस्पर्धी घ्या. उद्दिष्ट एकच: फ्यूडलचं बटण दाबेपर्यंत टाउन सेंटर एकदाही थांबू द्यायचं नाही आणि घर एकदाही उशिरा बांधायचं नाही. बटण दाबलं की गेम बंद करून पुन्हा पहिल्यापासून. लढाई नाही, जिंकणं नाही. हे अंगवळणी पडलं की त्याच वेळात स्काउट सतत फिरता ठेवा. मग रानडुक्कर शिकारीसाठी टाउन सेंटरपाशी ओढून आणणं जोडा. प्रत्येक नवं काम जोडलं की आधीचं बसलेलं बिघडतं, आणि ते पुन्हा बसवण्यातच खरी वाढ आहे. ज्यांना स्वतः आखणी करायचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी गेमच्या डेफिनिटिव्ह एडिशन या नव्या आवृत्तीत 'आर्ट ऑफ वॉर' ही सरावाची आव्हानं आहेतच.

रिप्ले (खेळलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग) बघायचा तोही असाच. हरल्यावर शेवटची मोठी लढाई बघण्यात फारसं काही नाही, निकाल त्याच्या बराच आधी लागलेला असतो. टाउन सेंटर जिथे पहिल्यांदा थांबलं तिथे रिप्ले थांबवा आणि त्या क्षणी आपली नजर कुठे होती ते लिहून ठेवा. काही रिप्लेंनंतर कारणं फार वेगवेगळी नाहीत हे दिसतं. जिंकलेल्या मॅचचेही रिप्ले बघा. समोरच्याने सोडून दिलेल्या चुका तिथेच सापडतात.

आता माझा सर्वात लाडका मुद्दा. डीपमाइंड या कंपनीचा अल्फास्टार हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्रॅम २०१९ मध्ये 'स्टारक्राफ्ट टू' या अशाच गेममध्ये ग्रँडमास्टर या सर्वोच्च पातळीला पोहोचला. आधी तो माणसांचे रिप्ले बघून शिकला आणि मग आपल्याच आवृत्त्यांशी खेळत राहिला. त्या आवृत्त्यांच्या ताफ्यात काही खेळाडू असे होते की त्यांचं काम सगळ्यांना हरवणं नव्हतंच. मुख्य खेळाडूचं मर्म शोधायचं आणि तिथेच घाव घालायचा, एवढंच. हे आपल्यालाही करता येतं. मित्राला सांगा, "आज प्रत्येक वेळी माझ्या वस्तीत टॉवर (हल्ल्याचे बुरूज) बांधतच माझ्यावर ये." त्याला आणखी काही करायची मुभा नाही. तोच हल्ला ओळीने अंगावर आला की पहिला टॉवर कुठे उभा राहतो, किती व्हिलेजर पुढे पाठवायचे, कधी मागे हटायचं, याचा अंदाज येतो. रँक्डमध्ये तो हल्ला कधीतरी येतो, आणि पुन्हा येईपर्यंत मागचं सगळं विसरलेलं असतं.

क्लिकच्या वेगाबद्दल थोडक्यात: २०१३ मध्ये 'स्टारक्राफ्ट टू'च्या ३,३६० खेळाडूंच्या अभ्यासात असं दिसलं की कौशल्याच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर वेगवेगळ्या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. मग नवख्याने व्यावसायिक खेळाडूचा वेग कशाला गाठायचा?

सराव केला की कुणीही शिखर गाठेल, असं मी म्हणत नाही. २०१४ च्या एका मोठ्या विश्लेषणात, खेळाडूंच्या कामगिरीतल्या फरकापैकी साधारण २६ टक्के फरक अशा सरावाशी जोडता आला. त्यात खेळ म्हणजे बुद्धिबळासारखे खेळ. बाकीचं आपल्या हातात असेल-नसेल, हा वाटा मात्र आहे.

आणि "आता वय झालं" म्हणणाऱ्यांसाठी. २०१४ च्याच आणखी एका अभ्यासात १६ ते ४४ वयाचे ३,३०५ 'स्टारक्राफ्ट टू' खेळाडू होते. प्रतिसादाचा वेग चोविशीपासूनच मंदावतो, हे त्यात दिसलं. पण वयाने मोठे खेळाडू सोप्या डावपेचांनी आणि गेममधल्या सोयी हुशारीने वापरून ती कसर भरून काढत असावेत, असंही दिसलं. तेव्हा तिशी-चाळिशीतल्या मित्रांनो, टाउन सेंटर हॉटकीवर (कीबोर्डच्या शॉर्टकट बटणावर) घ्या, घोड्यांचे तबेले दुसऱ्या हॉटकीवर घ्या, आणि पुढचे काही दिवस माउसने त्या इमारतींवर क्लिक करणं पूर्ण बंद ठेवा. त्या दिवसांत रेटिंग खाली जाईल, ते जाऊ द्या.