दारात स्टूल टाकून बसलेली आजी

गेल्या गणपतीत आमच्या घरी जे रामायण झालं, त्याची कुजबुज भाऊबंदांत अजून चालू आहे. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच इथं लिहिते.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात नात झाली. बेळगावचा आषाढ ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आठ-आठ दिवस ऊन नाही, भिंतींना ओल आणि दोऱ्यांवर नुसते लंगोट. मी परड्यातल्या पडवीत शेगडी पेटवून त्यावर बुट्टी पालथी घालायची आणि बुट्टीवर लंगोट पसरायचे. शेगडी मुद्दाम बाहेर. बाळंतिणीच्या खोलीत धुरी नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. माझ्या सासूबाईंनी मला ओवा-शेपाच्या धुरात चाळीस दिवस कोंडलं होतं. त्या धुरानं डोळ्यांतून पाणी यायचं, ते मी भक्तीनं आलंय म्हणून खपवलं.

तर गणपती. आमचं वडगावातलं घर हे मूळ घर. गणपती बसतो तो इथंच, त्यामुळं निपाणी, खानापूर, हुक्केरी, सगळीकडून माणसं येतात. पंचवीस पानं तर उठतातच. आणि यंदा गणपती बसले तेव्हा बारकी होती ३७ दिवसांची.

हे ३७ का महत्त्वाचे, ते सांगते. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बची लस मिळते. त्यानंतरची सुई थेट सहाव्या आठवड्यात. तिच्यात डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात असं सगळं एकत्र असतं. मग दहावा आठवडा, मग चौदावा. म्हणजे ३७व्या दिवशी डांग्या खोकल्याच्या बाबतीत पोर पार उघडं. मोठ्या माणसाला तोच खोकला झाला तर ‘जरा घसा धरलाय’ एवढंच वाटतं. तान्ह्याला कधीकधी खोकलाही येत नाही, श्वासच थांबतो.

आमच्या भागाच्या आशाताई २८व्या दिवशी आल्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, अशा त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. वजन केलं, नाळेची जागा बघितली, तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी कार्डावर, कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं आणि उठताना म्हणाल्या, ‘मंदी कडिमी माडरि.’ माणसं कमी करा. कन्नडमध्ये मंदी म्हणजे माणसं. आमच्या घरात त्या मंदीची ऐन तेजी यायची होती, आणि ती थोपवायची कुणी, हा प्रश्न.

लेक म्हणाली, ‘आई, मी सांगते सगळ्यांना.’ मी म्हटलं, तू एक अक्षर बोलायचं नाहीस.

माझं सगळं म्हणणं इथं आहे. बाळ दाखवायला ‘नको’ म्हणायचं ते बाळंतिणीनं म्हणायचं नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, सगळ्यात तोंडाळ बाईनं म्हणायचं. आजकाल काय होतं, सून किंवा लेक बिचारी व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाकते, ‘कृपया सहा आठवडे भेटायला येऊ नका’, आणि घरातली जाणती माणसं कोपऱ्यात बसून ‘आमचं काय नाही हो, तिचंच ते’ असं हात वर करतात. मग ती शिष्ट ठरते, जास्त शिकलेली ठरते. टाके भरले नाहीत, रात्रीची झोप नाही, अंगावर दूध उतरतंय की नाही याची काळजी, त्यात हे. तोंड वाईट करून घ्यायला आमच्यासारख्या आहेत की. साठीला आलेल्या बाईला कुणी काय म्हणायचं ठेवलंय?

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. १९९४ साली माझा थोरला पन्नास दिवसांचा होता. ‘सुईनं ताप येतो’ म्हणून घरच्यांनी त्याची त्रिगुणी, म्हणजे डांग्या खोकला-घटसर्प-धनुर्वाताची लस, पुढं ढकललेली. चैत्रात घर पाहुण्यांनी भरलेलं, पोर या हातातून त्या हातात. त्यांतल्या एका मुलीला खोकल्याची उबळ आली की ती खाटेची पाटी धरून उभी राहायची. मी ते बघत होते. मी सून होते, बोलले नाही. आठवड्याभरानं पोरगं दूध पिताना ओठाला निळं पडलं. अकरा दिवस दवाखान्यात काढले. आज तो पुण्यात आहे, धडधाकट आहे, मला फोनवर दम देतो. त्या मुलीकडूनच आलं असं छातीवर हात ठेवून नाही सांगता येत. पण मी गप्प बसले, हे सांगता येतं. त्या घरात एक बाई बोलू शकत होत्या, सासूबाई, आणि त्यांना वाटत होतं पाहुण्यांचा मान मोठा.

म्हणून यंदा मी सोप्यातून माजघरात जायच्या दारात स्टूल टाकून बसले. शेजारी साबण, तांब्या, घडी घातलेले पंचे. कोण आलं की आधी मोरी दाखवायची, कोपरापर्यंत हात. मग माजघरातून बाळ बघायचं, हातात घ्यायचं नाही, आणि पापा तर अजिबात नाही. सर्दी-खोकला असेल तर सोप्यातच चहा. शेजारच्या बैलहोंगलच्या बाई खिडकीतून ओरडल्या, ‘कूस नोडाक बंदीव्रि!’ बाळ बघायला आलोय. मी म्हटलं, ‘कै तोळकोरि मोदलु.’ आधी हात धुवा. त्या हसत हसत हात धुवून आल्या, लांबूनच दृष्ट काढली, अंटिन उंड्यांचा, म्हणजे डिंकाच्या लाडवांचा, डबा ठेवला आणि पाच मिनिटांत उठल्या. परकी माणसं सोपी असतात. अवघड जातात ती आपली.

अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, निपाणीच्या. वय ७४. त्यांना पंधरा दिवसांचा खोकला. स्टूलवरच्या मला बघून म्हणाल्या, ‘मी काय परकी हाय काय गं? तुझी बाळंतपणं मीच काढली की.’ खरं होतं ते. पहाटे चारला उठून माझ्या पोरांना पायावर घेऊन न्हाऊ घातलेलं याच बाईनं. घशाशी आलं माझ्या. पण उठले नाही. म्हटलं, ‘अक्का, तुमचाच हक्क पहिला. बेचाळिसाव्या दिवसाची सुई होऊ दे, हा खोकला जाऊ दे, मग तुमच्याच मांडीवर देते.’ त्या काही न बोलता सोप्यात जाऊन वाती वळत बसल्या.

धाकटे भावजी निघाले वेगळे. ते अंगणात बिडी ओढून आत आले, बोटांना तसाच वास, आणि हात धुवा म्हटल्यावर म्हणाले, ‘आमच्या वेळी नव्हती ही थेरं.’ आता इथं मला राग आला, कारण ‘आमच्या वेळी’ होती. याहून कडक होती. सुवेर पाळायचा म्हणजे काय होतं? दहा दिवस त्या खोलीत कुणी पाय घालायचा नाही. सव्वा महिना पोर उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. बाहेरून आलेल्या माणसानं पाय धुतल्याशिवाय बाळाजवळ जायचं नाही, ‘बाहेरवासा’ लागतो म्हणून. त्याला विटाळाचं नाव दिलं, बाईला अस्पृश्यासारखं वागवलं, ते वाईटच. त्यातलं वाईट टाकायचं आणि शहाणपण ठेवायचं, तर आपण उलटं केलं. खोली गेली, पाय धुणं गेलं, आणि हौस तेवढी राहिली. बारशाला हॉल, फुगे, दोनशे माणसं, आणि पोर प्रत्येकाच्या दाढीला घासून परत. भावजींना मी हे एवढं नाही सांगितलं. ‘हात धुवा नाहीतर आरतीला चला’ एवढंच म्हणाले. ते आरतीलाही थांबले नाहीत.

सगळेच असं वागतात असं नाही. माझे व्याही चंदगड तालुक्यातले, शेतकरी माणूस. नात झाली तेव्हा त्यांची रोपलावण चालू, दिवसभर चिखलात आणि पावसात. चौथ्या दिवशी शिनोळीवरून एसटी धरून आले, काजूची पिशवी घेऊन, आणि नाक वाहत होतं. मी काही म्हणायच्या आधीच म्हणाले, ‘ताई, मला पडसं झालंय, मी हितंच थांबतो.’ उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. हात मागं बांधलेले. मी बारकीला कुंची घालून उजेडात धरलं. त्यांनी टोपी काढली, बराच वेळ बघितलं, ‘नाक आमच्या आईचं’ म्हणाले आणि पुन्हा टोपी घातली. तीन तासांच्या जाण्या-येण्यात त्यांनी नात पाहिली ती दोन मिनिटं. त्यांचा मान कुठं कमी झाला मला तरी दिसलं नाही.

एक कबूल करते. या दारबंदीत लेकीचे हाल व्हायची भीती असते. चार भिंतीत एकटी पडली की बाई कशावरही रडायला लागते. म्हणून माणसं तोडायची नव्हतीच. निरोगी असतील त्या मावश्या-मामी लेकीपाशी बसायच्या, बोलायच्या, तिच्या डोक्याला तेल लावायच्या. बाळ झोपलेलं असलं तरी बाळंतीण जागी असते, तिलाही कुणी बघायला यावं लागतं. तिला बघायला मुद्दाम आली ती फक्त तिची एक मैत्रीण, अनगोळहून, गरम कुळथाचं कट घेऊन.

आणि मधाचं बोट चाटवायला निघालेल्या दोघींना मी परत पाठवलं. वर्षाच्या आत मध नाही. तान्ह्याला, तीन महिन्यांच्या आतल्या, १००.४ ताप दिसला तर घरचा काढा नाही, सरळ डॉक्टर. यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नका, वेळ नाही.

बेचाळिसाव्या दिवशी सुई झाली. रात्रभर बारकी किरकिरली, दुसऱ्या दिवशी हसली. अक्कांचा खोकला जायला दसरा उजाडला. आल्या त्या सरळ मोरीत गेल्या, हात धुतले, पदराला पुसायला निघाल्या, थांबल्या आणि मला म्हणाल्या, ‘पंचा कुठं ठेवलास?’ मग भिंतीला टेकून पाय लांब केले आणि बारकीला मांडीवर घेतलं. तासभर कुणाला दिली नाही.

भावजी अजून बोलत नाहीत. दिवाळीला फराळाचा डबा पाठवला होता खानापूरला. डबा अजून तिकडंच आहे.