लूज होता!

"लूज होता हो," असं म्हणून शेजारच्या काकांनी तुटका स्टड माझ्या तळहातावर ठेवला, आणि माझे दोन रविवार पाण्यात गेले.

झालं एवढंच होतं, की डर्ट बाईकचा सायलेन्सर काढायला गेलो आणि इंजिनाच्या डोक्यातला, म्हणजे हेडमधला, आठ एमेमचा स्टड (सायलेन्सर धरून ठेवणारा बिनडोक्याचा बोल्ट) नटासकट कट्‌कन तुटला. पाच मिलिमीटर बुंधा बाहेर होता. व्हाइस ग्रिपने, म्हणजे घट्ट लॉक होणाऱ्या पकडीने, तो आधी सोलला, मग तोही तुटून हेडच्या पातळीत आला. आता पकडायला नखभरही जागा नाही. लोकांच्या डोक्यातला स्क्रू ढिला असतो म्हणतात. माझ्या बाईकच्या डोक्यातला मात्र एकजीव झालेला.

होणारच. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादाचा. त्यात चिखल, पाणी आणि दर खेपेला तापून गार होणं. दोन धातू ओलाव्यात शेजारी नांदले की ॲल्युमिनियम गंजतं आणि ती पांढरी भुकटी आट्यांत सिमेंटसारखी बसते. बाईक दर वेळी प्रेशरच्या पाण्याने धुणारा शहाणा कोण, हे इथे सांगत नाही.

माझ्याकडे ड्रिल नव्हता. काकांकडे होता. पण काका ड्रिल एकटा पाठवत नाहीत. त्याच्यासोबत स्वतः येतात. हात मागे बांधून उभे राहिले.

"इझी आउट मारा की."

"नको काका. तो आत तुटला तर संपलं."

"मग त्याला इझी का म्हणतात?"

मुद्दा बिनतोड होता. ज्याने हे नाव ठेवलं त्याला एकदा भेटायचंय. इझी आउट म्हणजे कडक, ठिसूळ पोलादाचा उलट्या आट्यांचा खिळा. भोकात ठोकायचा आणि उलटा पिळायचा. ज्या स्टडला अख्खा पाना हलवू शकला नाही, त्याला हा त्याच्याहून बारीक खिळा हलवणार! बहुधा तोच आत तुटतो, आणि मग साधं ड्रिल बिट त्याच्यावरून नुसतं घसरतं. व्हिडिओत मात्र चाळीस सेकंदांत स्टड बाहेर, मागे संगीत. त्या माणसाचं बिट कधी मधून सरकत नाही, आणि त्याच्या डोक्यावर काकाही उभे नसतात.

तर पंचने मधोमध खूण केली, डाव्या आट्यांचं बिट लावलं आणि ड्रिल रिव्हर्सला टाकला.

"अहो, उलटा फिरतोय!"

"उलटाच फिरवायचाय, काका."

"उलटं फिरवून भोक पडतं होय?"

"बिट डावं आहे."

काकांनी माझ्या हातांकडे नीट पाहिलं. "पण तुम्ही तर उजवे आहात."

यावर काय बोलणार? ड्रिल खाली ठेवून समजावलं, की बिट भोक पाडता पाडता स्टडला उलटं ओढतं, म्हणजे तो सुटायच्या दिशेलाच फिरतो. काकांनी मान डोलावली. मग शांतपणे विचारलं, "मग उजव्या माणसाने उजवं वापरलं तर जास्त जोर नाही का येणार?"

मी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवली आणि गॅसच्या टॉर्चने हेड तापवायला घेतलं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोकाची पकड सैल होते. "इंजिन जाळताय की काय?" हे काकांचं. गंजात झिरपणारं भेदक तेल सोडलं, गार होऊ दिलं, पुन्हा तापवलं. असं चार वेळा. पाचव्यांदा बिट लावलं तर ते खर्रर्र करून अडकलं, स्टड दोन फेरे बाहेर आला आणि बिट सुटलं. मी आनंदाने ओरडलो आणि व्हाइस ग्रिप आणायला आत पळालो. अर्ध्या मिनिटात परत आलो.

तेवढ्यात काकांनी चष्मा पुसायच्या फडक्यात धरून तो दोन बोटांनी काढला होता.

"लूज होता हो. उगाच एवढी ओढाताण."

पुढचं काम मुकाट्याने केलं. आठ बाय सव्वाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून आटे साफ केले. नशिबाने ते शाबूत होते. नाहीतर भोक मोठं करून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवावी लागली असती. नव्या स्टडला कॉपर ग्रीस फासलं, दोन नट एकमेकांवर आवळले आणि वरच्या नटाला पाना लावून स्टड बसवला. दहा मिनिटं लागली. ते बघायला काका नव्हते. ते फाटकापाशी कुणाला तरी सांगत होते, की यांचा स्टड दोन आठवडे निघत नव्हता, शेवटी मीच काढला.

सायलेन्सरला दुसरा स्टडही आहे. त्याच वयाचा, तितकाच गंजलेला. शहाणपण सांगतं, तोही आत्ताच बदलावा. मी अजून हात लावलेला नाही. काका ड्रिल माझ्याकडेच ठेवून गेलेत. म्हणाले, "राहू दे. दुसरा काढायचा असला की हाक मारा."