शिरगणती, भारमान आणि कोकणातली वाडी

लोकसंख्येचा आकडा पाहून रस्ता मंजूर करायचा आणि भारमान, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरतात ते, पाहून एसटीची फेरी चालू ठेवायची, ही पद्धत मोठ्या गावांना परवडत असेल. कोकणातल्या वाडीवर मात्र ती उघड अन्याय करते, असे माझे ठाम मत आहे.

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली आणि सिंधुदुर्गातही घटच झाली. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावता पुरुष मुंबई-ठाण्याला आणि घर, गुरे, शेती व म्हातारी माणसे बाईच्या अंगावर, हे वर्षानुवर्षांचे चित्र त्या एका आकड्यात दिसते. शिवाय शिरगणती होते फेब्रुवारीत, शिमग्याच्या आधी, जेव्हा निम्म्या घरांना कुलूप असते. गणपतीत तीच घरे माणसांनी भरून जातात, पण त्या चाकरमान्यांची नोंद शहरात झालेली असते.

आता रस्त्याचे पाहू. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशातल्या वस्तीसाठी किमान ५०० लोकसंख्येची आणि डोंगरी राज्ये, वाळवंटी व अनुसूचित आदिवासी क्षेत्रांसाठी २५० ची अट होती. महाराष्ट्र डोंगरी राज्यांत मोडत नाही आणि रत्नागिरी अनुसूचित क्षेत्रात येत नाही. म्हणजे सह्याद्रीच्या उतारावर, दोन पऱ्यांच्या (ओढ्यांच्या) पलीकडे वसलेल्या वाडीलाही सपाटीचाच निकष! गाव म्हणून हजाराची वस्ती असते, पण ती सात-आठ वाड्यांत विखुरलेली. डांबरी रस्ता गावठाणापर्यंत पोहोचला की कागदावर गाव जोडले जाते आणि पलीकडच्या वाडीतला आजारी माणूस पावसाळ्यात आजही डोलीतून साकव ओलांडतो. २०२४ साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यासाठीही २०११ चीच शिरगणती धरलेली आहे.

एसटीच्या बाबतीत तर आपण डोळ्यांदेखत गमावतो आहोत. वस्तीची गाडी ही कोकणातल्या गावाची खरी सोय. ती संध्याकाळी बाजारची माणसे, औषधे, शहरातून आलेल्या पिशव्या घेऊन येते. चालक-वाहक गावातच मुक्काम करतात, कुणीतरी त्यांना जेवायला बोलावते आणि पहाटे तीच गाडी कॉलेजची मुले, दवाखान्याला निघालेल्या आजी आणि भाजीच्या पाट्या घेऊन तालुक्याला सुटते. भारमान कमी म्हणून अशी फेरी बंद झाली की रिकाम्या आसनांचा तोटा वाचतो, हे खरे. पण मग दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबते किंवा ते कुटुंबच चिपळूण-रत्नागिरीला खोली घेऊन राहते. पुढच्या वर्षी प्रवासी आणखी कमी, पुढच्या शिरगणतीत डोकी आणखी कमी. महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत २०२३ पासून मिळाली, ती निश्चितच मोलाची आहे, परंतु फाट्यापर्यंत गाडीच येत नसेल तर ती सवलत वापरायची कुठे?

माझी मागणी साधी आहे. महसुली गाव नव्हे, वस्ती हा घटक ग्रामसडक योजनेच्या नियमात आहेच; तो प्रत्यक्षातही वाडीपर्यंत लावावा. सह्याद्रीच्या उतारावरच्या तालुक्यांना २५० चाच निकष लावावा. आणि सकाळची शाळा-दवाखान्याची एक फेरी भारमानाच्या हिशेबातून पूर्णपणे वगळून तिची तूट राज्याने सोसावी. पुढची शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. त्याआधीच्या ग्रामसभेत प्रत्येक वाडीची घरे, राहती माणसे, शाळकरी मुले आणि बारमाही रस्त्यापासूनचे अंतर यांची यादी ठरावासह नोंदवून घ्या आणि त्याची प्रत पंचायत समितीकडे पोच घेऊन द्या.