मुळांना मीठ घालायला निघालेल्यांसाठी

रविवारी सकाळी बार्शीहून आत्याचा फोन, "अगं, उद्या माणूस येतोय ड्रिल घेऊन, तू पण ये." कशाला, तर परसातल्या आंब्याची मुळं मारायला. फॅमिली ग्रुपवर तो मेसेज फिरतोय ना, "सावधान! जमिनीवर दिसणारी मुळं तुमच्या घराचा पाया पोखरत आहेत", खाली उपाय आणि शेवटी "पुढे पाठवा, कुणाचं तरी घर वाचेल". आत्याने 10 किलो खडेमीठ आणून ठेवलं सुद्धा! म्हणून लिहितेय, आणि चिडूनच लिहितेय.

आधी मिठाचंच बघू. म्हणे मुळाला भोकं पाडा, मीठ भरा, वरून गरम पाणी ओता, "मूळ मरतं पण झाडाला काही होत नाही". अरे, मूळ काय झाडाला बाहेरून चिकटवलेलं असतं का? मीठ पाण्याबरोबर पसरणार, बाकीच्या मुळांनाही पाणी ओढता येणार नाही, पानांच्या कडा करपत जातील आणि झाड मरेल नाहीतर अर्धमेलं तरी होईल. आणि पाया वाचवायचाय ना तुम्हाला? तेच खारं पाणी आरसीसीपर्यंत मुरलं तर क्लोराइडने सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. म्हणजे आंब्याने चाळीस वर्षांत जे केलं नाही ते तुम्ही मिठाने करून दाखवणार! शिवाय वर दिसणारी ही जाड मुळंच झाडाला धरून ठेवतात, ती कुजली की एखाद्या वादळात झाड आडवं, आणि आत्याकडे ते पडणार स्वयंपाकघरावर.

वर हे बेकायदा पण आहे. महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 पासून झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि त्यात 'झाड तोडणे' म्हणजे फक्त कुऱ्हाड नाही, जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं सगळं त्यात येतं. झाड तुमच्याच अंगणात असलं तरी नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ग्रुपवरच्या काकांची नाही चालत.

आता "पाया पोखरतात". मुळांना हवा लागते म्हणून बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटातच पसरतात, आणि धडधाकट काँक्रीट ती फोडत नाहीत, आधीची फट किंवा गळका पाइप मिळाला की तिथे शिरतात. बरं, एक मान्य करते, नाइलाजाने. काळी माती असेल तर उन्हाळ्यात झाड पाणी ओढतं, माती आकसते आणि उथळ पायाच्या घराला भेगा जाऊ शकतात. पण मग इंजिनीअरला दाखवा. कारण मोठं झाड एकदम मारलं तर तीच माती पाणी धरून फुगते, ते आणखी एक दुखणं.

बाकी उपाय पटापट. फूटभर माती टाकून मुळं झाकायची? मुळं गुदमरतात, खोडाची साल कुजते, पुढे नवीन मुळं परत वर येतातच. सिमेंटचा कोबा? दिल्लीत 2013 मध्ये हरित लवादाने झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं सिमेंट उखडायला लावलं होतं, आणि इथे आपण हौसेने ओततोय.

आत्याचं खरं दुखणं वेगळंच निघालं. मागच्या दाराशी मनगटाएवढं मूळ आहे, चपलांनी घासून घासून गुळगुळीत झालेलं, त्याने दोन पेव्हर उचललेत आणि त्यालाच ती मागच्या महिन्यात ठेचकाळली. ते दोन पेव्हर काढले, वाट हातभर बाजूने वळवली, मुळावर दोन-तीन इंच पालापाचोळा पसरला, खोडाला न टेकवता. तासाभराचं काम. (अगदी कापायचंच असेल तर परवानगी घेऊन, अंगठ्याएवढं बारीक मूळ, खोडापासून त्याच्या जाडीच्या निदान पाचपट अंतरावर, धारदार करवतीने. जेसीबीने नाही हो.)

ड्रिलवाल्याला चहा पाजून परत पाठवला. मीठ तसंच पडून आहे, आत्या म्हणते कैऱ्या उतरवल्या की लोणच्याला घेईन.