नाच चार वर्षं, इमारत सत्तावन्न वर्षं

टोकियोचं रोकुमेइकान, म्हणजे जपान सरकारने विलायती पाहुण्यांसाठी बांधलेलं नाचा-मेजवान्यांचं सभागृह, कधी पाडलं? १९४० मध्ये. उत्तर बरोबर आहे, पण माझ्या मते ते १८८७ मध्येच संपलं होतं. पहार पडायला त्रेपन्न वर्षं लागली, एवढंच.

आधी जागेबद्दल, कारण ती इमारतीइतकीच बोलकी आहे. टोकियोतल्या हिबियाजवळ, दक्षिणेकडच्या सात्सुमा संस्थानाच्या सरदारांचा एक वाडा होता. र्‍यूक्यू बेटांचे, म्हणजे आजच्या ओकिनावाचे, दूत शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, दरबारात जायचे, तेव्हा आधी इथे थांबून दरबारी पोशाख चढवायचे. म्हणून त्या वाड्याचं नावच 'पोशाखाचा वाडा'. शोगुनांची सत्ता गेल्यावर १८६८ मध्ये आलेल्या मेइजी सरकारने विलायती पाहुण्यांसाठी घर बांधायला नेमकी हीच जागा घेतली. आता टेलकोट चढवून उभं राहायची पाळी जपानी मंत्र्यांची होती.

हा खटाटोप कशासाठी, ते नीट समजून घ्यायला हवं. पाश्चात्त्य देशांशी झालेल्या असमान करारांमुळे परदेशी माणसाने जपानात गुन्हा केला तर खटला त्याच्याच देशाच्या कॉन्सुलपुढे, म्हणजे तिथल्या सरकारी प्रतिनिधीपुढे, चाले, आणि जकातीचे दर ठरवणंही जपानच्या हातात नव्हतं. परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांचा हिशेब असा, की आपण 'सुधारलेले' दिसलो तर करार बदलतील. त्यासाठी १,८०,००० येन मोजले. परराष्ट्र खात्याच्या स्वतःच्या इमारतीला लागले होते ४०,०००. म्हणजे कचेरीच्या साडेचारपट खर्च पाहुणचारावर! उद्घाटन २८ नोव्हेंबर १८८३ ला झालं.

वास्तुकार जोसाया कॉण्डर १८७७ मध्ये, चोविशीत, जपानात शिकवायला आला होता. दुमजली विटांची इमारत, पुढे कमानींचा व्हरांडा, वर मॅन्सार्ड छप्पर, म्हणजे खालचा उतार जवळजवळ उभा आणि वरचा पसरट. खाली भोजनगृह, वाचनाची खोली, बिलियर्ड. वर तीन दालनं, मधले आडोसे उघडले की एकच नाचघर. 'रोकुमेइकान' म्हणजे हरणांच्या सादेचं सभागृह. पाहुण्यांच्या स्वागताच्या एका प्राचीन चिनी कवितेवरून घेतलेलं नाव.

बागेबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. सात्सुमाच्या वाड्याचा जुना काळा लाकडी दरवाजा तसाच ठेवला होता. गाडी त्यातून आत शिरायची, मग पाइन, दगडी दिवे आणि तळं असलेली जपानी बाग, आणि ती ओलांडल्यावर समोर ती फ्रेंच धाटणीची इमारत. विलायतीपण दाखवायचं होतं तरी वाट जपानी बागेतूनच जात होती. मला सगळ्या मांडणीत शहाणपणाचा भाग हाच वाटतो.

यश आलं नाहीच. १८८५ च्या नाचाला आलेल्या एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्याला ही इमारत फ्रान्समधल्या हवा-पाण्याच्या गावातल्या कसिनोसारखी वाटली. १८८६ मध्ये नॉर्मंटन हे ब्रिटिश जहाज बुडालं. कप्तान आणि गोरे खलाशी होड्यांतून वाचले, २५ जपानी प्रवासी सगळे बुडाले, आणि कॉन्सुलच्या चौकशीत कप्तान निर्दोष ठरला. पुढे खटला होऊन त्याला तीन महिन्यांची कैद झाली, पण तोवर लोक खवळले होते. त्यातच इनोउएंच्या नव्या मसुद्यात जपानी कोर्टांत परदेशी न्यायाधीश बसवायची तरतूद निघाली. सप्टेंबर १८८७ मध्ये इनोउएंनी राजीनामा दिला. (एप्रिल १८८७ चा, पाहुण्यांनी सोंगं घेऊन केलेला बदनाम नाच मात्र इथे नव्हे, पंतप्रधान इतोंच्या निवासस्थानी झाला होता. खापर अजून रोकुमेइकानवर फुटतं.)

पुढची उतरंड जलद. १८९० मध्ये शेजारीच इम्पीरियल हॉटेल उघडलं, पाहुणे तिकडे गेले, आणि ही इमारत सरदारांच्या क्लबाकडे आली. २० जून १८९४ च्या भूकंपात तिला मार बसला. नुसत्या विटांचं बांधकाम वरून येणारा भार पेलतं, पण आडवा हिसका बसला की ताण सोसत नाही. सांध्यांतला चुना सुटतो आणि भेगा जातात. कॉण्डरनेच दुरुस्ती केली. आणि त्या भूकंपाला महिना व्हायच्या आत, १६ जुलैला, लंडनमध्ये ब्रिटनबरोबरच्या नव्या करारावर सह्या झाल्या. कॉन्सुलची कोर्टं त्या कराराने गेली, नाचाने नव्हे.

१९२७ मध्ये मालक झाली एक विमा कंपनी. विमा कसला, तर मुलगा लष्करात भरती झाला की घरच्यांना पैसे मिळण्याचा! १९४० मध्ये इमारत पाडली, तेव्हा वास्तुकार तानिगुची योशिरो यांनी वर्तमानपत्रात हळहळ व्यक्त केली. तीच रुखरुख पुढे कामाला आली: मेइजी काळातल्या इमारती उचलून नेऊन जपणारं मेइजी-मुरा १९६५ मध्ये नागोयाजवळ उभं राहिलं. काळा दरवाजा राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाला होता, तोही १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. इमारतीवर सगळे बोलले, पण माझ्या लेखी मोठं नुकसान त्या दरवाजाचं आहे.

पाडलेली वास्तू परत आणता येते का? कॉण्डरचीच मित्सुबिशीची १८९४ ची इमारत १९६८ मध्ये पाडली आणि २००९ मध्ये त्याच जागी, जुन्या नकाशांवरून, सुमारे २३ लाख विटा लावून पुन्हा बांधली. रोकुमेइकानची आज प्रतिकृती आहे ती संग्रहालयात, काचेआड. म्हणून माझा आग्रह कागदांचा: मोजमापं, छेदचित्रं, सांध्यांचे तपशील. कॉण्डर ज्याच्या हाताखाली तयार झाला त्या विल्यम बर्जेसने १८६६ मध्ये आपल्या मुंबईच्या कलाशाळेसाठी, म्हणजे आजच्या जे.जे.साठी, आराखडा काढला होता. खर्चापायी ती इमारत उभीच राहिली नाही, तरी तिच्याबद्दल आज बोलता येतं ते कागदामुळेच.

रोकुमेइकानच्या जिन्याचा तुकडा टोकियो विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात आहे. कॉण्डरचा पुतळाही त्याच आवारात उभा आहे.