कंपनीवाल्यांनो, माणसं मोजता ना? मग आकडा सांगायला काय जातं?

खुर्च्या मोजता, लॅपटॉप मोजता, कोण किती वाजता कार्ड स्वाइप करून आत शिरला ते सेकंदासकट सांगता. फक्त या तिमाहीत किती जणांना घरी पाठवलं असं विचारलं की वाचा बसते. "आम्ही अफवांवर प्रतिक्रिया देत नाही." अफवा? शेजारी बसणाऱ्याचं चॅटमधलं नाव भर दुपारी करडं होतं, त्याला टाकलेला मेल परत येतो, मॅनेजर म्हणतो "त्याचं मॉड्यूल आता तू बघ" आणि त्या माणसाचं नाव मीटिंगमध्ये पुन्हा कुणी काढत नाही. ही अफवा?

बरं, जो आकडा देतात तोही गोळाबेरीज. मायक्रोसॉफ्टचंच बघा. ३० जून २०२४ रोजी सुमारे २,२८,००० कर्मचारी, ३० जून २०२५ रोजीही सुमारे २,२८,०००. मधल्या मे महिन्यात सुमारे ६,००० जणांना काढत असल्याचं जाहीर झालं होतं. आणखी सुमारे ९,००० जणांची घोषणा आली २ जुलैला, आर्थिक वर्ष संपून दोन दिवस झाल्यावर! नुसता अहवाल वाचणाऱ्याला वाटेल, वर्षभर पानही हललं नाही. आकडा खोटा आहे असं मी म्हणतच नाही. खोटा असता तर निदान कुणाला तरी धरता आलं असतं.

नियम करणारेही काही कमी नाहीत. अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाने, २०२० मध्ये कंपन्यांना मनुष्यबळाची माहिती द्यायला सांगितलं, पण ती महत्त्वाची ठरत असेल तरच. आणि महत्त्वाची आहे की नाही हे आधी ठरवणार कोण? कंपनीच. आपल्या सेबीने २०२२-२३ पासून वरच्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला. त्यात कायम कर्मचाऱ्यांच्या गळतीचा दर द्यावा लागतो, स्त्री-पुरुष वेगळा, तीन वर्षांचा. वाह! मग मार्गदर्शक टीप वाचा. स्वतःहून सोडून गेलेला, काढून टाकलेला, निवृत्त झालेला आणि नोकरीत असताना वारलेला, सगळे एकाच टक्केवारीत. त्या टक्क्यातून काढलेला माणूस शोधून दाखवा.

त्यातही 'काढलेला' अशी नोंद होतेच कुठे? छोट्या मीटिंग रूममध्ये एचआर आणि मॅनेजर समोर बसतात. आवाज एकदम मऊ. आत्ता राजीनामा टाकलास तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाहीतर टर्मिनेशन, आणि पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये ते दिसेल. डोक्यावर कर्जाचा हप्ता असलेला माणूस काय करणार? पोर्टल उघडतो. राजीनाम्याचं कारण निवडा: उच्च शिक्षण, कौटुंबिक कारण, प्रकृती, चांगली संधी. 'तुम्हीच काढताय' हा पर्याय यादीत नाही आणि काहीतरी निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. मग तो बिचारा 'चांगली संधी' निवडतो. तिमाही निकालांच्या कॉलवर साहेब सांगतात, अ‍ॅट्रिशन, म्हणजे तीच गळती, अपेक्षेप्रमाणेच आहे. असणारच! अपेक्षा तुमचीच, यादी तुमचीच.

अमेरिकेत निदान १९८८ चा वॉर्न कायदा तरी आहे. १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने मोठी कपात करताना ६० दिवस आधी लेखी नोटीस द्यायची, सरकारलाही कळवायचं. पण तिथेही एका ठिकाणाहून ५० पेक्षा कमी माणसं काढली की बहुतेक वेळा कायदा लागूच होत नाही. म्हणजे थोडे इथून, थोडे तिथून काढत राहायचं, गाजावाजा नाही.

भागधारकांनी तरी विचारावं? ते कसले विचारतात. कपातीची बातमी आली की कितीदा तरी शेअर वर जातो, त्यांचं भागतं. ज्याला विचारायचंय त्याला आपलं नाव पुढच्या यादीत जाईल याची धास्ती.

आणि मागतोय तरी काय? दर तिमाहीला तीन आकडे. किती आले, किती स्वतःहून गेले, किती जणांना तुम्ही घालवलंत. तिसऱ्यात ते मऊ आवाजातले राजीनामेसुद्धा धरा. यासाठी सल्लागार नेमायला नको, समिती नको. दर महिन्याला पगार कुणाचा थांबवायचा हे पेरोलवाल्याला नावानिशी माहीत असतं, आणि त्यात त्याची एकदाही चूक होत नाही.